बेस घ्यायचाय? आधी नेक बघा, मग तारा, लाकडाचं सगळ्यात शेवटी

मागच्या गणपतीच्या पंधरा दिवस आधी एक पोरगा बेस गिटार घेऊन घरी आला. कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतो. म्हणाला, दादा याचा पिकअप बदलायचाय, नुसता घुमतो, सूर कळतच नाही, कुठला घ्यायचा तेही बघून ठेवलंय. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं, त्यांचं हलणं पकडणारं चुंबक. मी म्हटलं बस आधी. बेस उचलला, हेडच्या, म्हणजे खुंट्यांच्या, बाजूने एक डोळा मिटून नेककडे, म्हणजे लांब दांडीकडे, बघितलं तर नेक धनुष्यासारखा वाकलेला, बाराव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या आडव्या पट्टीवर, जाडी तार पाच मिलिमीटर वर, आणि तारा दुकानातून आलेल्याच, त्यांच्यावर तांबूस ठिपके. दीड तास बसलो आम्ही. नेकच्या आतला गज म्हणजे ट्रस रॉड, नवीन तारा, बॉडीवरच्या ब्रिजवर तार जिथे टेकते ती सॅडल, बस. पिकअपला हातही लावला नाही, आणि वाजवून बघितल्यावर पिकअपचा विषय परत निघालाच नाही.

म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय. बेसच्या आवाजात कशाचा वाटा किती, याबद्दल माझं मत पक्कं आहे: सगळ्यात मोठा वाटा वाजवणाऱ्याच्या बोटांचा, मग सेटअप, म्हणजे नेकचा बाक आणि तारेची उंची जुळवणं, आणि तारा, मग पिकअप कुठे बसवलाय ते, मग अॅम्प आणि स्पीकर, आणि बॉडीचं लाकूड पार शेवटी. पैसे आणि वेळ त्याच क्रमाने घालायचे.

आधी बेस नेमका कुठे वाजतो ते

चार तारांचा बेस ई, ए, डी, जी असा लावतात. सगळ्यात खालची ई म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं, वरची मोकळी जी म्हणजे ९८. पाच तारांच्या बेसवरची लो बी तर ३१ च्याही किंचित खाली. आता मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ जवळजवळ येतच नाही, तरी आपल्याला बेस ऐकू येतो, कारण त्या सुराच्या वरच्या पटीतले आवाज येतात आणि खालचा सूर आपला कान भरून काढतो. याचा वाजवणाऱ्यासाठी अर्थ असा की नोट सुरू कशी झाली, बोट तारेवर कसं पडलं, हे लोकांना खर्जापेक्षा जास्त ऐकू जातं, त्यामुळे नुसता बेसचा नॉब फुल करून काही होत नाही.

अजून एक गोष्ट, त्या ४१ हर्ट्झच्या लाटेची लांबी हवेत आठ मीटरच्या वर भरते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती मावतच नाही, म्हणून एका कोपऱ्यात बेस धडाधड वाजतो आणि दोन पावलं सरकलं की गायब होतो. अॅम्प कोपऱ्यात ठेवला तर खालचे सूर फुगतात. घरी आवाज चिखल झाल्यासारखा वाटला तर आधी अॅम्प भिंतीपासून पुढे ओढा आणि खुर्चीवर ठेवून बघा, बाकी खर्च नंतर.

दुकानात काय बघायचं

आजचा बहुतेक प्रत्येक बेस हा गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरच्या दोन बेसचा वंशज आहे. १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमधून प्रिसिजन बेस बाहेर पडला. त्याआधी उभा डबल बेस पाठीवर वाहायचा आणि वर तो फ्रेटशिवाय वाजवायचा, तर फेंडरने फ्रेट टाकले की सूर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा स्प्लिट कॉइल पिकअप आला, तोच आजही चालतो. १९६० ला जॅझ बेस आला, दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका वेटोळ्याचे, पिकअप आणि नटजवळ, म्हणजे हेडकडे तारा ज्या खाचांतून जातात तिथे, सडसडीत नेक, ३८ मिलिमीटरच्या आसपास, प्रिसिजनचा ४१ ते ४४.

दोघांची तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. यात नट ते पहिला फ्रेट हे अंतर साधारण ४८ मिलिमीटर भरतं आणि बाराव्या फ्रेटजवळ ते निम्मं होतं. हात लहान असेल, किंवा शाळेतल्या मुलीला-मुलाला घेऊन द्यायचा असेल तर ३० इंचाचा शॉर्ट स्केल घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. पहिला बेस मी चार तारांचाच घ्यायला सांगतो. पाचवी तार आवरायला, म्हणजे वाजत नसताना गप्प ठेवायला, उजवा हात आधी तयार झालेला लागतो.

प्रिसिजन की जॅझ? बँडमध्ये वाजवणार, एकच आवाज पण भरवशाचा हवा तर प्रिसिजन. दोन पिकअपची मिसळ करून वेगवेगळे आवाज काढायचेत, हात लहान आहे तर जॅझ. बाकी ज्याचा नेक हातात बसतो तो.

दुकानात गेल्यावर हे असं करा. बेस उचला आणि हेडकडून नेकवर नजर टाका, नेक पिळलेला दिसला, म्हणजे एका बाजूची कड वर आणि दुसरीकडची खाली, तर कितीही स्वस्त असू दे, ठेवून द्या. पुढे सरळ बाक असेल तर घाबरू नका, तो ट्रस रॉडने निघतो. फक्त ट्रस रॉडचा नट फिरतोय ना ते दुकानदाराला फिरवून दाखवायला सांगा, जुना बेस घेताना तर नक्कीच, कारण रॉड अडकलेला निघाला की दुरुस्तीचा खर्च बेसएवढा जातो. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवा, वीस गुणिले चार, ऐंशी नोटा, पाच मिनिटांचं काम. कुठे फ्रेट खरखरतो, कुठे नोट लगेच मरते ते कळेल. सगळे नॉब फिरवा, केबल जॅकमध्ये हलवून बघा. आणि पट्टा लावून दहा मिनिटं उभे राहा. हात सोडल्यावर हेड खाली जात असेल तर डावा हात जन्मभर नेक पेलत बसणार आणि वाजवणं राहील बाजूला. वजन साडेचार किलोच्या वर असेल तर तीन तासांच्या शोनंतर खांदा दुखणारच.

लाकडाबद्दल

बॉडी साधारण अॅल्डर, अॅश, मॅहोगनी, पॉप्लर किंवा बासवूडची असते. बासवूडचा आणि बेसचा काही संबंध नाही बरं का, स्पेलिंग सारखं आहे एवढंच, ते लिंडनच्या जातीचं हलकं मऊ लाकूड आहे. फेंडरच्या सुरुवातीच्या बॉडी अॅशच्या, १९५६ च्या आसपास बहुतेक रंगांसाठी अॅल्डर आलं. अॅश आता महाग आणि दुर्मिळ होत चाललंय, अमेरिकेत एक हिरवा भुंगा ती झाडं पोखरून संपवतोय, आणि २०२० मध्ये फेंडरने नेहमीच्या मॉडेलमधून अॅश कमी करत असल्याचं जाहीर केलं.

पण बॉडीचं लाकूड म्हणजे मुख्यतः वजन आणि तोल. पिकअप हा लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं, तो लोखंडी तारेचं हलणं पकडतो, लाकडाचा आवाज ऐकत नाही. लाकूड तारेचं हलणं थोडंफार बदलतं हे खरं, पण ते बँडमध्ये ओळखू येईल इतकं क्वचित. नेकची गोष्ट मात्र वेगळी. चार तारांचा मिळून ताण ७० ते ८० किलोपर्यंत जातो, म्हणजे एक धडधाकट माणूस त्या नेकला चोवीस तास लटकलाय. नेक जितका ताठ तितकी नोट लांब टिकते. फेंडर पद्धतीच्या बऱ्याच बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादी नोट पटकन मरते, त्याला डेड स्पॉट म्हणतात, ते नेकच्या स्वतःच्या थरथरीमुळे होतं, बेस खराब आहे असं नाही. नेक बहुतेक मेपलचा असतो. भट्टीत भाजलेला रोस्टेड मेपल मिळाला तर आपल्या हवेसाठी चांगला, तो ओलावा कमी पितो.

फिंगरबोर्डची, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पट्टीची, रोजवूड म्हणजे आपली शिसवी. जगात गिटारवर जी इंडियन रोजवूड म्हणून जाते ते हेच झाड, सह्याद्रीच्या जंगलात वाढतं, आजीच्या वेळचे शिसवी पलंग आणि देव्हारे याच लाकडाचे. २०१७ च्या सुरुवातीला शिसवीच्या सगळ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, त्यामुळे कंपन्यांनी स्वस्त मॉडेलवर पाव फेरो, लॉरेल असली लाकडं वापरायला सुरुवात केली, २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. दुकानदार लॉरेलला नाक मुरडत असेल तर लक्ष देऊ नका, नीट वाळलेलं असेल तर चालतं.

तारा

बेसच्या आवाजात इतक्या कमी पैशात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. राउंडवूंड तारेवर गोल तार गुंडाळलेली असते, खरखरीत लागते, आवाज चकचकीत आणि लांब. फ्लॅटवूंडवर चपटी पट्टी, हाताला गुळगुळीत, आवाज दबका, गोल, उभ्या बेसच्या जवळचा. भावगीत, जुनी हिंदी गाणी, रेगे वाजवणार तर फ्लॅट एकदा तरी लावून बघाच. जेम्स जेमरसनची आठवण इथे काढायलाच हवी. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतला हा बेसवाला, १९६२ चा प्रिसिजन, त्यावर जाड फ्लॅटवूंड तारा, त्याही फ्रेटपासून उंच, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, आणि तार तुटल्याशिवाय तो बदलायचा नाही अशी त्याची ख्याती. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, तिला लोक हुक म्हणायचे. एवढ्या सामानावर त्याने पुढच्या सगळ्या बेसवाल्यांना कामाला लावलं. दुसऱ्या टोकाला जॅको पास्टोरियस, त्याने जॅझ बेसचे फ्रेट काढले आणि फिंगरबोर्डवर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलं, कारण राउंडवूंड तारा मोकळं लाकूड खाऊन टाकतात. तुम्ही फ्रेटलेस घेतला आणि इपॉक्सी नसेल तर फ्लॅटच लावा.

जाडी ४५ ते १०५ चा सेट नेहमीचा, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. तार बदलताना सगळ्या एकदम काढू नका, एकेक बदला, नेकवरचा ताण एकदम गेला की तो हलतो. खुंटीच्या पुढे चार-पाच इंच जास्त ठेवून कापायची, आणि कापण्याच्या आधी त्या जागी काटकोनात वाकवायची. हे विसरू नका, सरळ तार कापली की आतली वेटोळी सैल होतात आणि नवी कोरी तार लावल्या दिवसापासून बद्द वाजते. खुंटीवर दोन-तीन फेरे, वरून खाली. लावून झाली की सॅडलच्या लगेच पुढे आणि नटच्या लगेच पुढे अंगठ्याने हलकं दाबायचं, तार तिथे नीट बसली की सूर टिकतो.

मुंबई-कोकणात तारेचं आयुष्य निम्मं. वाजवून झालं की सुती कापडाने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

सेटअप, एकेक पायरी

हे घरी जमतं. लागतं काय तर ट्यूनर, ट्रस रॉडला बसणारी अॅलन की, सॅडलची बारीक अॅलन की, स्क्रूड्रायव्हर, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी, कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, आणि एक विजिटिंग कार्ड. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरी मागचीवर उभी आहे.

नवीन तारा लावा, सुरात लावा, आणि बेस जसा वाजवताना धरता तसाच धरा. टेबलावर आडवा ठेवून माप घेतलं तर नेकचं वजन माप बिघडवतं.

आधी नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर ई तार बोटाने दाबा, आता ती तार म्हणजे सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये किती फट आहे बघा. साधारण ०.३ मिलिमीटर हवी, विजिटिंग कार्ड किंचित घासत सरकलं पाहिजे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, म्हणजे आवळायचा, नेक मागे खेचला जातो. फट नसेलच तर सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, त्याच्या वर अजिबात नाही, मग परत सुरात लावा, परत मोजा. आवळायच्या आधी तारा थोड्या सैल केल्या तर रॉडच्या नटवर जोर कमी येतो. कीला जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि कारागिराकडे न्या. मी स्वतः एकदा घाईत चुकीच्या मापाची की घालून नटची खाच गोल करून बसलोय, ती काढायला नेक उघडावा लागला. इंची आणि मिलिमीटरची की हातात सारखीच वाटते, लावून हलवून बघा, जराही खेळ नको. पाव फेऱ्यानंतर लाकूड रात्रभर बसतं, म्हणून सकाळी परत मोजा, मग पुढची पायरी.

मग अॅक्शन, म्हणजे तारेची उंची. सतराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरून फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. ई तार २.४ मिलिमीटर, जी तार २ मिलिमीटर, इथून सुरुवात करा. हात हलका असेल तर खाली जा, जोरात वाजवत असाल तर वर. खरखर पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर बाक कमी पडतोय, बाराव्याच्या पुढे असेल तर सॅडल खाली गेलंय, हे लक्षात ठेवलं की अर्धे प्रश्न सुटतात. आणि अॅम्पमधून ऐकू न येणारी थोडी खरखर असली तर असू द्या.

नटच्या खाचा फार उंच असतील तर पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा, पहिल्या फ्रेटवर अगदी केसभर फट दिसली की झालं. कमी करायची असेल तर ते काम कारागिराचं, खाच जास्त घासली गेली की नट बदलावा लागतो.

मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का ते. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवा, ट्यूनर बघा, मग तीच तार तिथे दाबून वाजवा. दाबलेली चढी असेल तर सॅडल मागे न्या, नेकपासून लांब, उतरी असेल तर पुढे. प्रत्येक वेळी परत सुरात लावून बघायचं. जुनी गंजलेली तार यात कधीच नीट लागत नाही, म्हणून तर नव्या तारा आधी.

शेवटी पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ई कडे अडीच-तीन मिलिमीटर, जी कडे दोन. जवळ आणला की आवाज मोठा होतो हे खरं, पण फार जवळ आला की चुंबक तारेला ओढतं, नोट लोंबकळते, सूर डगमगतो. चारही तारा सारख्या जोरात ऐकू आल्या पाहिजेत, ते कानाने ठरवा.

हे वर्षातून दोनदा तरी करा, पाऊस लागल्यावर आणि थंडी सुरू झाल्यावर. हवेतला ओलावा बदलला की नेक हलतो, कधी पुढे कधी मागे. दमट मुंबईतून बेस मे महिन्यात नागपूरला नेला की लाकूड आडवं आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन हाताला टोचतात. पावसात बेस केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि उन्हात बंद गाडीत कधीही नाही.

करंट, हम आणि बॅटरी

सिंगल कॉइल पिकअप भिंतीतल्या विजेचा घूं आवाज, म्हणजे हम, पकडतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी हा सूर ४९ हर्ट्झचा, म्हणजे हम थेट आपल्या सुराला लागून बसतो आणि दोघांच्या मध्ये हळू लाटा ऐकू येतात. जॅझ बेसवर दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम सारखे ठेवले की हम बहुतेक जातो. प्रिसिजनचा स्प्लिट कॉइल मुळातच हम मारतो. ट्यूबलाइट आणि डिमरपासून लांब उभे राहा. तारांना हात लावल्यावर हम कमी होत असेल तर बेसचं अर्थिंग जागेवर आहे.

आता हे नीट वाचा. तारा आतून अर्थला जोडलेल्या असतात. मांडवात अॅम्पला एका ठिकाणची वीज आणि मिक्सरला दुसरीकडची, त्यातलं एक अर्थिंग तुटलेलं, आणि तुम्ही तारेवर हात ठेवून माइकला ओठ लावले तर झटका बसतो, जिवावर बेतू शकतं. मी मल्टिमीटर बॅगेतच ठेवतो. एसीवर ठेवायचा, एक टोक माइकच्या जाळीला, एक तारेला, दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसलं तर साउंडवाल्याला बोलवायचं आणि ते सुधारेपर्यंत बेसला हात लावायचा नाही. तीन पिनचा प्लग कापून दोन पिन करून हम घालवणारे आहेत, त्यांना ते करू देऊ नका.

अॅक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल आत घातली की ती चालू होते, म्हणून वाजवून झालं की केबल काढा. आवाज फाटायला लागला तर आधी बॅटरी बदला. पॅसिव्हमध्ये ही भानगडच नाही.

अॅम्प

घरी २० ते ३० वॅट पुरतात, हेडफोनचा जॅक असलेला घ्या. ड्रमरबरोबर तालमीला २०० ते ३०० लागतात, कारण खालचे सूर वर आणायला ताकद लागते. गिटारच्या अॅम्पमध्ये बेस घालून जोरात वाजवू नका, स्पीकरचा कोन फाटतो. दोन कॅबिनेट जोडताना ओहम बघा, ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ होतात, आणि अॅम्पवर लिहिलेल्याच्या खाली गेलात तर अॅम्प जातो. स्पीकरला स्पीकरचीच केबल, बेसची बारीक केबल तिथे तापते. अमेरिकेतून कोणी अॅम्प आणला तर आधी मागे १२० व्होल्ट लिहिलंय का बघा, आपल्या २३० वर लावला की संपला.

लाइव्ह शोला बहुतेक वेळा बेस डीआय बॉक्समधून, म्हणजे सिग्नल मिक्सरला चालेलसा करणाऱ्या डबीतून, थेट मिक्सरला जातो. पॅसिव्ह बेस असेल तर अॅक्टिव्ह डीआय मागा, आवाजातली धार टिकते. आणि सेटिंगबद्दल एकच: घरी एकट्याने मधले आवाज कमी केले की फार गोड लागतं, पण बँड सुरू झाला की तोच बेस हरवतो. २५० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यातच बेसचा सूर ओळखू येतो. एकट्याने थोडं नाकातलं वाटलं तरी तसंच ठेवा.

आता बोटं

चांगला बेसवाला मी वेगावरून ओळखत नाही, नोट कधी थांबवतो यावरून ओळखतो. म्हणून रियाझाची पहिली पायरी मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय देणारं यंत्र, ६० वर, एकच नोट, प्रत्येक टिकला. आधी पूर्ण मात्राभर लांब, मग बरोबर अर्धी, मग पाव. थांबवायचं काम डाव्या हाताने, बोट उचलून तारेवरच टेकवून ठेवायचं. दहा मिनिटं हेच. कंटाळवाणं आहे, खर्जाचा रियाझही तसाच असतो आणि त्याशिवाय गळा बसत नाही.

दुसरी पायरी, न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवणं. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर घट्ट रोवून ठेवू नका, बारीक तारांकडे गेलात की अंगठाही खाली सरकून ई आणि ए वर टेकला पाहिजे. बोट तार छेडून पुढच्या जाड तारेवर विसावलं पाहिजे. तर्जनी-मध्यमा आलटून पालटून, दोघांचा आवाज सारखा येईपर्यंत. ब्रिजजवळ छेडलं की आवाज आवळलेला, नेकजवळ गोल, म्हणजे टोनचा नॉब तुमच्या मनगटातही आहे.

डावा हात पहिल्या पाच फ्रेटमध्ये चार फ्रेटवर चार बोटं ताणून मोडू नका. अनामिका आणि करंगळी मिळून एक असं धरून तीन फ्रेट घ्या, उभ्या बेसवाले असंच वाजवतात. अंगठ्याने नेक चिमटू नका. मनगट दुखलं तर त्या दिवशी बंद.

तिसरी पायरी, टिक कमी करत जायची. मेट्रोनोम निम्म्यावर आणा आणि ती टिक दोन आणि चारवर आहे असं मोजा. मग चार मात्रांत एकच टिक. मधली जागा तुम्ही भरायची. इथे घाई करणारा लगेच उघडा पडतो.

चौथी, ड्रमची किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम. किकबरोबर नोट सुरू आणि काठीने वाजणाऱ्या स्नेअरला बंद, एवढं जमलं तरी बँड उभा राहतो. आपल्याकडे तबला-ढोलकीबरोबर वाजवायची वेळ येते तेव्हा डग्गा ऐका. केरव्याच्या आठ मात्रा, धा गे ना ती, न क धि न. पहिल्या दोन मात्रांत डग्गा घुमतो, ती न क ला तो गप्प असतो आणि सातव्या मात्रेला धि वर परत येतो. तुम्ही पहिल्या मात्रेवर षड्ज धरला आणि ती च्या आधी सोडला, मग सातव्याला पंचम दिला, की डग्गा आणि बेस एकाच हाताने वाजतायत असं वाटतं. मधे भरत गेलात तर तबलजीला जागा उरत नाही, आणि तो मागे वळून बघतो.

पाचवी पायरी मोबाइलची. तालमीत मोबाइल ड्रमच्या समोर जमिनीपासून थोडा वर ठेवून एक गाणं रेकॉर्ड करा. घरी हेडफोन लावून ऐका, गाण्याकडे लक्ष न देता फक्त किक आणि बेस. जिथे दोन वेगळे आवाज ऐकू येतात, धड-धड असे, ती वेळ वहीत मिनिट-सेकंदासकट लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशीचा रियाझ त्याच चार ओळींपासून सुरू करा.